पुढच्या ओळीतला वास

“ऊठ गं.”

ऐकू आलं, पण दुसऱ्या कुणाला म्हणाली असेल असं वाटलं मला. बुवा रंगात आले होते. पखवाज एका थापेवर येऊन थांबला होता, टाळकरी पावलं टाकायची विसरून बुवांच्या तोंडाकडं बघत होते, आणि माझी रत्ना मांडीवर दूध पिता पिता झोपली होती.

“अनशे, तुलाच म्हणते. ऊठ.”

शेजारी बायक्काकाकी बसली होती. नात्यानं माझी चुलत सासू. तिचे यजमान सटुप्पाकाका देवळातल्या हरिनाम सप्त्याचे मुख्य, म्हणून बायकांच्या बाजूला तिचा शब्द चालायचा. कुणी कुठं बसायचं, कुणी पंगतीला वाढायचं, कुणी नुसती भांडी घासायची, सगळं तीच ठरवायची. तिनं पदर नाकाला लावला आणि चार ओळींना ऐकू जाईल असं म्हणाली, “वास येतोय. देवाच्या दारात असलं अंग घेऊन येतात व्हय? तुझ्या आईनं काय शिकवलं का न्हाई?”

बायकांच्या माना वळल्या. एकीनं आपलं लुगडं आवरून घेतलं. दुसरी सरकून बसली. बुवा थांबले नाहीत, त्यांना दिसलं नसावं. मी रत्नाला छातीशी धरलं आणि उठले. आमच्या मुगवळ्याच्या देवळासमोरचा मांडव काही मोठा नाही, पण त्या दिवशी मला तो संपेना. पाठीमागून कुणीतरी हसल्याचं अजून आठवतं.

काकीला माझं दुखणं ठाऊक होतं. माझ्या सासूनंच तिच्या कानावर घातलं होतं. रत्ना झाली आणि महिना भरायच्या आत मला लावणीच्या चिखलात उतरवलं. दिवसभर वाकून रोपं लावायची, डोक्यावरून तरव्याचे, त्या रोपांचे भारे वाहायचे. एकदा भारा उचलताना आतलं काहीतरी खाली सरकलं, आणि मोरीत गेले तेव्हा ते हाताला लागलं. आमच्याकडं याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. गर्भाची पिशवी खाली उतरते. सासूला सांगितलं तर म्हणाली, “कासोटा घट्ट बांध. बाईच्या जातीला असतंय.” नवऱ्याला सांगायची सोयच नव्हती. पांढरं जायचं, कंबर मोडून यायची, आणि आपल्याला वास येतो की काय ही भीती सारखी असायची. त्यामुळं काकी बोलली तेव्हा मला खोटं वाटलं नाही. मी गुपचूप उठले, कारण वास माझाच आहे असं मीही धरून चालले होते.

त्यानंतर मी मांडवात गेले नाही. पण कीर्तन कसं सोडणार? लहानपणी बाप मला खांद्यावर बसवून कीर्तनाला न्यायचा. तिथं बसलं की माहेरी आल्यासारखं वाटायचं. म्हणून दर सप्त्याला पंगतीची भांडी घासायचं काम मी मागून घेतलं. भांडी देवळाच्या मागच्या कट्ट्यावर असायची. राखेनं पातेली घासत मी भिंतीला कान लावायची. बुवा कुठं थांबणार, कुठं पखवाजवाल्याकडं बघून मान हलवणार, काल्याच्या दिवशी कुठली गोष्ट सांगणार, सगळं मला पाठ झालं. दृष्टांतावर मांडव हसला की भिंतीमागं मीही एकटी हसायची.

आणि आरतीची घंटा झाली की राखेचे हात जोडून मागायची. लोक देवाकडं काय काय मागतात. मी एकच मागायची, “पांडुरंगा, एकदा काकीला उठव. ह्याच मांडवातनं. सगळ्यांसमोर उठव.”

रत्ना शाळेत जायला लागली तरी माझं मागणं बदललं नाही.

*

त्या सुमाराला गावात डॉक्टरीणबाई यायला लागल्या. रेवती सबनीस त्यांचं नाव. शहरातल्या मेडिकल कॉलेजातून संशोधनाला आल्या होत्या. दर गुरुवारी शाळेमागच्या खोलीत बसायच्या. बायका जायच्या, खोकल्याचं औषध घ्यायच्या. डॉक्टरीणबाई हळूच विचारायच्या, “खालचं काही दुखणं?” की सगळ्या एका सुरात, “न्हाई बाई, आमाला काय न्हाई.” आणि घर गाठायच्या.

मी रत्नाच्या गळवाला मलम मागायला गेले होते. मलम लावता लावता त्या म्हणाल्या, “तुम्ही एकाच अंगावर का बसलाय?”

“सवय हाय.”

“कधीपासूनची सवय?”

एवढंच विचारलं. तोवर मला हे असं कुणी विचारलंच नव्हतं. मला जे रडू फुटलं ते थांबेना. रत्ना घाबरून तीही रडायला लागली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला आपलं पेन दिलं आणि ओसरीवर बसवलं.

त्यांनी मला तपासलं आणि बांगडीएवढं एक रबरी कडं आत बसवलं. त्याला त्या रिंग म्हणायच्या. आतून अंग ओढून धरायचा व्यायाम शिकवला. मी खोलीतून चालत बाहेर पडले, आणि शाळेच्या विहिरीपाशी जाऊन नुसती उभी राहिले. काही खाली येत नव्हतं. काही ओढत नव्हतं. मी परत फिरले.

“बाई, आता मला कीर्तनाला बसता येईल?”

“आधी का येत नव्हतं?”

मी सांगितलं. त्या हात धूत होत्या, त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“अनुसयाबाई, तुमच्या आत जखम नाही, पू नाही. नुसतं पांढरं जात होतं. त्याला लांबवर वास येत नाही. तुमच्या अंगाला तो कधीच आला नसणार.”

माझं मन राखायला म्हणतायत, असं मला वाटलं. मी ते तिथंच सोडून दिलं.

पुढच्या गुरुवारी त्या म्हणाल्या, “मला तुमची मदत हवी आहे. हा आजार गावोगाव आहे, पण आकडे कुणाकडं नाहीत. बायका सांगत नाहीत म्हणून आकडे नाहीत, आणि आकडे नाहीत म्हणून वर सगळे म्हणतात की असा आजारच नाही. ना औषधं येतात, ना रिंगा येतात. किती बायकांना आहे, कुठल्या कामानं होतो, ऑपरेशनाशिवाय किती जणी बऱ्या होतात, हे मला दाखवून द्यायचंय. पण त्या माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्याशी बोलतील.”

“बोलतील की. मी माझं सांगते आधी.”

“पण एक अट आहे. या खोलीत कोण आलं, काय दाखवलं, यातला एक शब्द दाराबाहेर जाता कामा नये. एकदा जरी फुटलं, तरी परत एक बाई येणार नाही. सगळं संपेल.”

मी गळ्यातली तुळशीची माळ हातात धरली. “देवाशपथ, न्हाई जायचा.”

मग पाणवठ्यावर, काजूच्या बागेत, जिथं बाया एकट्या सापडतील तिथं मी माझं दुखणं सांगायला लागले. काहीजणी हसल्या, काहीजणी “काय बाई निर्लज्ज” म्हणून उठून गेल्या. पण त्यातलीच एखादी दुपारी गुपचूप शाळेमागं यायची. पडद्याआड हत्यारं उकळायचं काम मी करायची. तिथून बायकांचे आवाज ऐकू यायचे, आणि मी ते तिथंच ठेवायची. तरी आकडा फार काही वाढत नव्हता. डॉक्टरीणबाईंच्या कॉलेजातून विचारणा यायला लागली होती. एकदा त्या म्हणाल्या, “या उन्हाळ्यापर्यंत बायका आल्या नाहीत तर हे काम बंद करतील, अनुसयाबाई. रिंगाही थांबतील.”

*

सप्ता बसला त्याच आठवड्यातली गोष्ट. गुरुवारी गाव बाजाराला गेलं होतं. मी पडद्याआड होते. दारातून कुणीतरी आत आलं, आणि दार आतून लावल्याचा आवाज झाला.

“डाक्टरीणबाई, कुणी न्हाई न्हवं?”

आवाज ऐकून माझ्या हातातला चिमटा थांबला. बायक्काकाकी.

“इथं फक्त माझी मदतनीस आहे. ती बोलणार नाही. काय होतंय?”

“कंबर धरती. आन् अंग… खाली येतंय.”

“आडवं व्हा. बघते.”

आणि थोड्याच वेळात पडद्याच्या कडेनं तो वास आला.

माणसाचा चेहरा एखादवेळ विसरतो, पण वास विसरत नाही. सडलेल्या पाण्यात पडून राहिलेल्या चिंधीचा, उग्र, गोडसर वास. मी तो ओळखला. मांडीवर रत्ना, समोर बुवा, आणि नाकाला पदर लावलेली काकी. इतकी वर्षं तो वास मी माझ्या अंगाला चिकटवून फिरत होते. अंघोळ करताना घासून घासून कातडी सोलली होती.

“कधीपासून आहे हे?” डॉक्टरीणबाई विचारत होत्या.

“धाकट्या दत्तूच्या बाळंतपणापासनं.”

दत्तू! मला उठवलं त्या सप्त्यात दत्तू हाफ पँट घालून टाळकऱ्यांच्या पुढं नाचत होता. त्याचे दुधाचे दात पडले होते, म्हणून सगळे त्याला चिडवत होते.

“आत हे काय ठेवलंय?”

“कापडाचा बोळा. दोऱ्यानं बांधून ठेवते. त्याबिगर चालवत न्हाई. बदलते, पर रोज कुठलं जमायला.”

“काकू, यानं आत जखमा झाल्यात. हा वास त्याचाच आहे. आधी जखमा बऱ्या करू, मग रिंग बसवू. पूर्ण बरं वाटेल तुम्हाला. मी औषध भरते, थांबा. अनुसयाबाई, ट्रे आणा.”

मी ट्रे घेऊन बाहेर आले.

काकीनं मला बघितलं. ती आडवी होती तशी कोपरांवर उठली, लुगडं खाली ओढलं. “ही हितं कशी?” म्हणाली, आणि चपला हातात घेऊन मागच्या दारानं निघून गेली. औषध तसंच राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक.

“शब्द लक्षात आहे ना?”

“हाय.”

मी माळ इतकी घट्ट धरली होती की मण्यांचे वळ तळव्यावर उठले होते.

*

काल्याचं कीर्तन दिवसा असतं. कीर्तन संपलं की दहीहंडी फुटते, काला वाटतात, आणि सगळा गाव एका पंगतीला बसतो. त्या दिवशी आसपासच्या वाड्यांच्या बायकाही येतात. डॉक्टरीणबाईंनी बुवांना जाऊन विनंती केली की काला वाटायच्या आधी दुखण्याबद्दल दोन शब्द बोलू द्या. बुवा वयस्कर, मनानं मोठा माणूस. म्हणाले, “देवानं दिलेलं शरीर हाय, त्याचं बोलायला देऊळ कशाला आड येईल? बोला.” डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “माझी भाषा त्यांना लांबची वाटते. तुम्हीच बोला.”

ही बातमी गावात पसरायला कितीसा वेळ लागतो! काल्याच्या आदल्या दिवशी मी विहिरीवर पाणी शेंदत होते, तर काकी घागर घेऊन आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. घागर तिनं भरलीच नाही.

“उद्या तू बोलणार म्हणं.”

“व्हय.”

“काय बोलणार?”

“हाय ते.”

“अनशे, माझं नाव घेतलंस तर ही विहीर जवळ करीन. सांगून ठेवते.”

“मी न्हाई गेले विहिरीत, काकी. तुमी कशाला जाताय? देवळामागं भांडी घासायला जागा हाय की. चांगली ऐसपैस हाय. भिंतीतनं कीर्तनबी ऐकू येतं.”

मी दोर सोडला नाही.

“एक सांगा. त्या दिवशी वास कुणाचा होता?”

तिनं घागर काठावर टेकवली.

“तुमाला ठाऊक होतं?”

“मग काय करणार होते?” ती एकदम उसळली. “मागची कुणीतरी कुजबुजली, वास येतोय म्हणून. सगळ्यांनी हुंगायला सुरवात केली. म्या उठले असते तर माझा संसार उठला असता. ह्यांची इज्जत, सप्ता, समदं. तू काय, कालची आलेली पोर. तुझं काय जाणार होतं?”

“माझं कीर्तन गेलं, काकी.”

“कीर्तन!” ती हसली. खरंच हसली. “कीर्तनानं काय पोट भरतंय?”

मी भरलेली कळशी काखेला लावली. त्या हसण्याआधी मनात जी थोडी दया होती ती तिथंच विहिरीच्या काठावर ठेवून मी घरी आले. शब्द मोडायचा नाही, आणि हिला सोडायचंही नाही. कशी करायची ही कसरत, ते मला भाकऱ्या थापता थापता सुचलं.

*

काल्याच्या दिवशी मी नवं लुगडं नेसले आणि मांडवात जाऊन बायकांच्या पहिल्या ओळीत, काकीच्या शेजारी बसले. त्याच जागी. ती सरकली नाही. बोलणार होते म्हणून मला उठवायची सोय तिला नव्हती. ऊन तापलं होतं, मांडवात माणूस मावत नव्हता, आणि वास येत होता. काकीनं अंगाला कापूर चोळला होता. कापरातूनही येत होता.

बुवांनी दरवर्षीची गोष्ट लावली. गोपाळांनी रानात शिदोऱ्या सोडल्या. एका लंगड्या गड्याकडं आंबून गेलेली आंबील होती. गाडगं उघडल्याबरोबर वास सुटला, तसे सगळे नाकं धरून लांब झाले. तो गडी बिचारा गाडगं घेऊन उठला. देव म्हणाला, अरे बस. आणि सगळ्यांच्या आधी त्याच गाडग्यात हात घातला. बुवांनी तो हात असा काही घातला की मांडवातल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. भिंतीमागं मी हे किती वेळा ऐकलं होतं. बुवांचा हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

गजर झाला. बुवा म्हणाले, “काल्याच्या आधी अनुसयाबाई दोन शब्द सांगतील. आयाबायांनो, नीट ऐका.”

मी जागेवरच उभी राहिले.

“माझं अंग बाहेर येत होतं,” मी म्हणाले.

बायकांचे पदर तोंडावर गेले. पुरुषांच्या माना खाली.

“ए बाई!” सटुप्पाकाका ओरडले. “हे देवाचं ठिकाण हाय.”

“बोलू द्या तिला,” बुवा म्हणाले. त्यांच्या हातातले टाळ अजून उतरले नव्हते.

“बाळंतपणानंतर भारे वाहिले, तेनं झालं. म्या कुणाला सांगितलं न्हाई. डॉक्टरीणबाईंनी आत रबराची रिंग बसवली. आता मी भात कांडते, पाणी शेंदते. ह्या मांडवात ज्यांना असं दुखणं हाय त्यांनी उद्या शाळेमागं या, एवढंच सांगायचं होतं. पर एक राहिलं.”

मी चटईवरच्या माझ्या जागेकडं बोट केलं.

“ह्याच मांडवातनं, ह्याच जागेवरनं मला एकदा उठवलं होतं. वास येतो म्हणून. आज मी परत बसले. कुणाला वास येत असंल तर सांगा. मी परत उठते.”

काकीची बोटं चटईच्या काड्या मोडत होती. एवढ्यात मागून गोदाआजीचा आवाज आला. डोळ्यांनी अधू, पण नाक शाबूत, आणि तोंडाला कधी कुलूप नव्हतं.

“येतोय की गं बाई. मगाधरनं येतोय. मला वाटलं उंदीर मेलाय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला हेच हवं होतं.

“बरं आजी. मग मी उठते.”

मी निघाले. पहिल्या ओळीतून, मधल्या वाटेनं, टाळकऱ्यांच्या बाजूनं, बांबूच्या खांबांच्या बाहेर, पार दीपमाळेपाशी जाऊन उभी राहिले. तीच वाट. पण या वेळी मान वर होती, आणि वाट झटकन सरली. सगळा मांडव माझ्याकडं वळून बघत होता.

“आजी,” मी तिथून ओरडले, “आता येतो का?”

गोदाआजीनं मान वर करून दोनदा हुंगलं.

“अजून येतोयच की!”

“मग तो माझा नव्हता,” मी म्हणाले. “तेव्हाबी नव्हता.”

पहिल्या ओळीवर सगळ्यांच्या नजरा गेल्या. मी फक्त काकीचा चेहरा बघत होते. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो चेहरा. पानाच्या देठासारखा पांढरा पडलेला, डोळे जमिनीत. ती उठूही शकत नव्हती, बसूही शकत नव्हती. मी तो चेहरा पोटभर बघितला. देवासमोर होते तरी नजर काढली नाही.

पण मग बाकीची ओळ दिसली. काकीच्या पलीकडं पाटलांची सून बसली होती, तिनं हळूच लुगड्याचा काठ पायाखाली दाबला. तिच्या शेजारची आपल्याच खांद्याशी नाक नेऊन हुंगत होती. तिसरीनं मांड्या जवळ ओढून घेतल्या. कुणी काकीकडं बघतच नव्हतं. ओळीतली प्रत्येकजण आपणच की काय म्हणून आक्रसून बसली होती. मी वासाचा धनी शोधायला लावलं होतं, आणि सगळ्या जणी स्वतःलाच धरून बसल्या होत्या.

“कुणाचा का असंना,” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “आजाराचा वास हाय तो. बाईचा न्हाई.”

बुवांनी टाळ वाजवला. हंडी फुटली. मी दीपमाळेपाशीच उभी राहिले, आणि बुवांनी स्वतः द्रोण आणून काला माझ्या हातावर घातला.

*

दुसऱ्या दिवशी शाळेची ओसरी पुरेना. आमच्या गावच्या आल्या, वाड्यांवरच्या आल्या. पाटलांची सून डोक्यावरून पदर घेऊन पहिल्यांदा आत शिरली. जी ती आत आली की डॉक्टरीणबाईंना तेच विचारी, “काल तो वास माझा होता का?”

चौथ्या-पाचव्या बाईनंतर डॉक्टरीणबाई पडद्यामागं आल्या.

“तुम्ही काल काय केलंत, अनुसयाबाई?”

“शब्द न्हाई मोडला.”

“नाही. नाव नाही घेतलंत,” त्या म्हणाल्या. त्यांनी पडदा सारून ओसरीकडं बघितलं. मग म्हणाल्या, “वर्गातली बाकडी बाहेर काढायला सांगा. उभ्या राहून दमल्यात सगळ्या.”

त्या उन्हाळ्यात काम बंद पडलं नाही. रिंगा खोक्यांनी आल्या.

काकी त्या दिवशी आली नाही. पुढच्या गुरुवारी आली. उघड, पुढच्या दारानं, भर दुपारी. रांगेत बसली. तिचा नंबर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी ट्रे उचलला.

बोळा निघाला, जखमा धुतल्या, औषध भरलं. असे आणखी काही गुरुवार गेले. मी दर वेळी तिचे पाय धरून उभी राहायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. तीही नाही. ज्या दिवशी रिंग बसवली, त्या दिवशी डॉक्टरीणबाई हात धुवायला बाहेर गेल्या, आणि खोलीत आम्ही दोघीच राहिलो.

“नाव का घेतलं न्हाईस?” काकी छताकडं बघत म्हणाली.

“शब्द दिलता.”

“घेतलं असतंस तर बरं झालं असतं. तुला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.” तिचं नाक लाल झालं होतं. “आता कुणाला घालू?”

मी तिच्या पायांवर लुगडं ओढलं.

“आता वास येईल का गं?”

“न्हाई येणार.”

“पुढच्या सप्त्याला… माझ्याशेजारी बसशील?”

“बसेन. जागा माझीच हाय ती.”

मग ती अगदी हळू, बाहेर रांगेतल्या बायकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “अनशे, मला माफ…”

“ते मी बघेन,” मी म्हणाले, आणि तिच्यापुढं हात केला. “आधी उठा.”